खोक्यावर ५२५ पट लिहिलंय, तुम्ही ७० वाचा

दुर्बीण घेऊन अकरा महिने झाले, आता लिहायला हरकत नाही. पहिल्या आठवड्यात लिहिलं असतं तर एक स्टार देऊन वर चार शिव्या घातल्या असत्या, आणि दुसऱ्या महिन्यात लिहिलं असतं तर पाचपैकी सहा दिले असते, म्हणून मुद्दाम थांबले.

आधी वस्तू काय आहे ते सांगते. पुढची लेन्स ७० मिलिमीटरची, फोकल लेंग्थ (लेन्सपासून चित्र तयार होतं तिथवरचं अंतर) ७०० मिलिमीटर, आणि ही साधी लेन्सवाली दुर्बीण, आरसेवाली नाही. सोबत तीन आयपीस (डोळा लावायची भिंगं) आले, २० मिमी, १२.५ मिमी आणि ४ मिमी, एक ३ एक्स बार्लो (आयपीसचे पट तिप्पट करणारी जोडलेन्स), नेम धरायला एक छोटा फाइंडर, वाकडी मान न करता बघता यावं म्हणून मागे लावायचा डायगोनल, आणि ॲल्युमिनियमचा एक ट्रायपॉड ज्याच्याबद्दल मी पुढे बरंच बोलणार आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण हाच माल वेगवेगळ्या रंगात आणि वेगवेगळ्या नावांनी सगळीकडे विकला जातो, तुमच्याकडे आलेल्या खोक्यावर दुसरंच काहीतरी लिहिलेलं असेल पण आत हेच असेल. मी घेतली ती फक्त चंद्र बघायला. शनीची कडी वगैरे बोनस. त्यामुळे हा रिव्ह्यू चंद्रापुरताच आहे हे धरून चाला.

तर खोक्यावर ठळक अक्षरात ५२५ एक्स. हे ५२५ येतं कुठून? फोकल लेंग्थला आयपीसच्या मापाने भागलं की पट मिळतात, म्हणजे ७०० ला ४ ने भागलं की १७५, त्याच्यासोबत ३ एक्स बार्लो लावली की १७५ गुणिले ३, झाले ५२५. गणित चोख आहे, कुणी खोटं बोललेलं नाही, फक्त त्या ५२५ मध्ये दिसत काहीच नाही. साधा हिशोब असा की लेन्स जेवढ्या मिलिमीटरची त्याच्या साधारण दुप्पट मोठं करून बघता येतं, म्हणजे ७० मिमीला १४०, आणि तेही हवा अगदी शांत असेल त्या रात्री. त्याच्यापुढे गेलात की चित्र मोठं होतं पण नवीन काही दिसत नाही, फोनमधला फोटो दोन बोटांनी ताणत गेल्यावर जसं होतं तसं, वर आणि अंधारही होत जातो. मी अर्थातच पहिल्याच रात्री ४ मिमी आणि बार्लो एकदम लावली. एक मळकट पिवळा डाग थरथरत इकडून तिकडे गेला. तो चंद्र होता असं समजायचं.

पण त्या रात्रीची सगळ्यात मोठी चूक माझीच होती, आणि ही चूक जवळजवळ प्रत्येक जण करतो म्हणून सांगते. ती पौर्णिमा होती! नवीन दुर्बीण, चंद्र पूर्ण, म्हटलं याहून चांगला मुहूर्त कुठला. २० मिमीचा आयपीस लावून बघितलं तर डोळ्यावर टॉर्च मारल्यासारखं झालं आणि चंद्र एकदम सपाट, पांढऱ्या कागदावर राखाडी डाग पडल्यासारखा, खड्डे कुठे आहेत तेच कळेना. नवरा म्हणाला, अगं हे तर फोनवरही असंच दिसतं. माझा चेहरा पडला. कारण नंतर कळलं. पौर्णिमेला ऊन बरोबर आपल्या पाठीमागून चंद्रावर पडतं, मग तिथल्या कुठल्याच डोंगराची सावली आपल्याला दिसत नाही, आणि सावली नाही तर खोली कळणार कशी. भर दुपारी डोक्यावर ऊन असताना उंचावरून जमिनीचा फोटो काढला तर तो कसा चपटा येतो, तसंच. पौर्णिमेला बघण्यासारखं एकच, टायको नावाच्या खड्ड्यातून निघालेले पांढरे पट्टे, चंद्रभर पसरलेले, संत्र्याच्या सालीला देठाकडून रेघा मारल्यासारखे. ते मात्र पौर्णिमेलाच सगळ्यात छान दिसतात. बाकी पौर्णिमेला दुर्बीण बाहेर काढूच नका.

आता ट्रायपॉड. दुर्बीण घेताना आपण लेन्स बघतो, पट बघतो, फोटो बघतो, आणि पायांकडे कुणी बघत नाही. या दुर्बिणीची लेन्स खरंच चांगली आहे, मला तिच्याबद्दल तक्रार नाही, पण पाय म्हणजे बांबूच्या काड्या. पूर्ण उंचीला उघडला की नुसता फोकसच्या चाकाला हात लावला तरी चित्र असं हलतं की चार-पाच सेकंद थांबावं लागतं, मग बघायचं, अजून थोडं फिरवायचं, परत थांबायचं. ७० पट मोठं करून बघताय म्हणजे हलणंही ७० पट मोठं होतं ना. वाऱ्याची झुळूक आली की संपलं. पहिल्या महिन्यात दोनदा ती परत पाठवायला खोक्यात भरली होती, याच कारणासाठी.

मग उपाय सापडले, फुकटातले. एक, पाय कधीच पूर्ण उघडायचे नाहीत, सगळ्यात खालच्या मापाला ठेवायचे आणि आपण खुर्चीवर बसून बघायचं. यात दोन फायदे, हलणं निम्म्याहून कमी होतं आणि बसलेला माणूस उभ्या माणसापेक्षा जास्त वेळ आणि जास्त बारीक बघतो, हे तुम्ही करून बघितल्यावर पटेल. दोन, मधे जो तिकोनी ट्रे असतो त्याच्या खाली पाच लिटरचा पाण्याने भरलेला कॅन दोरीने टांगायचा, जमिनीपासून चार बोटं वर, आणि तो झोके घेणार नाही एवढं बघायचं. तीन, सगळे नटबोल्ट पान्याने आवळायचे, कारण हाताने आवळलेले पुरत नाहीत. एवढं केल्यावर थरथर पाच सेकंदांवरून दीड-दोन सेकंदांवर आली. झकास नाही, पण चालतंय. कुणी मला विचारलं की दुर्बिणीवर खर्च करताना दोन पैसे जास्त कशात घालू तर मी डोळे झाकून सांगेन, पायांत घाल.

फाइंडर निव्वळ शोभेचा. पुढे २४ मिमीची लेन्स दिसते पण आत एक प्लास्टिकची रिंग घालून तिचा बराचसा भाग झाकून टाकलेला आहे. चंद्रासाठी फाइंडर लागतही नाही म्हणा, एवढा मोठा दिवा आकाशात आहे, नळीच्या कडेने नेम धरला की सापडतो. पुढे जाते.

खरी दुर्बीण मला भेटली ती नंतरच्या महिन्यात, शुद्ध षष्ठीला. तोवर एवढं वाचून झालं होतं की चंद्राच्या उजळ आणि काळ्या भागामधली जी सीमा असते, तिथे बघायचं. तिला टर्मिनेटर म्हणतात. त्या रेघेवर तिथला सूर्य नुकताच उगवत असतो, म्हणजे ऊन एकदम आडवं, आणि आडव्या उन्हात छोट्या टेकडीचीही सावली लांबच लांब पडते. १२.५ मिमी लावला, ५६ पट. आणि मी खरंच खुर्चीत मागे सरले. रेघेवर एकाला एक लागून तीन मोठे खड्डे, वरचा सगळ्यात ताजा, कडा धारदार. थिओफिलस, सिरिलस आणि कॅथरिना ही नावं मला नंतर कळली. थिओफिलस साधारण १०० किलोमीटर रुंद आहे. त्याची पलीकडची भिंत लख्ख उजळलेली आणि आतला सगळा भाग शाईने भरलेल्या वाटीसारखा काळा. करडा वगैरे नाही, काळा म्हणजे काळा, कारण चंद्रावर हवाच नाही, आपल्याकडे सावलीतही आकाशाचा उजेड झिरपतो तसा तिथे झिरपायला काही नाही.

मी बघत बसले. अर्ध्या-पाऊण तासाने त्या काळ्याभोर वाटीच्या मधोमध एक ठिपका आला. टाचणीच्या टोकाएवढा, पण टोचेल असा पांढरा. आधी वाटलं आयपीसवर धूळ आहे, आयपीस त्याच्या जागेवर फिरवून बघितला, ठिपका हलला नाही. मग लक्षात आलं की खड्ड्याच्या मधे डोंगर आहे आणि त्याच्या शिखरावर आत्ता, या क्षणी ऊन पोचतंय, खाली अजून रात्रच आहे. थोड्या वेळाने त्याच्या शेजारी दुसरा ठिपका. मग दोन्ही थोडे पसरले. चंद्र खाली झाडांत जाईपर्यंत मी तिथेच होते, डास चावून पाय सुजले तेही नंतर कळलं. कुठलाही फोटो हे दाखवत नाही, कारण फोटोत ते आधीच होऊन गेलेलं असतं.

टर्मिनेटर चंद्राच्या विषुववृत्तावर तासाला साधारण १५ किलोमीटर सरकतो, म्हणजे सायकलवर बसलेला माणूस आरामात त्याच्या बरोबरीने जाईल. ऐकायला हळू वाटतं, पण ७० पट मोठं करून बघताना तासाभरातला फरक नुसत्या डोळ्यांना कळतो. म्हणून संध्याकाळी एकदा आणि झोपायच्या आधी एकदा असं दोनदा बघा, त्याच जागेला. मला हे कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

त्याच काळ्या भागात कधीकधी रेघेपासून बरंच आत, एकटाच एखादा ठिपका चमकताना दिसतो. म्हणजे आजूबाजूला सगळी रात्र आणि एकाच शिखराला ऊन. गॅलिलिओने १६०९ साली हेच बघितलं आणि त्यावरून डोंगरांच्या उंचीचा हिशोब केला. तो हिशोब आपणही करू शकतो. ठिपका रेघेपासून किती किलोमीटर आत आहे त्याचा वर्ग करायचा आणि चंद्राच्या त्रिज्येच्या दुपटीने भागायचं. त्रिज्या १७३७ किमी. समजा ठिपका १०० किमी आत आहे, तर १०० चा वर्ग १०,००० भागिले ३४७४, म्हणजे जवळजवळ २.९ किलोमीटर उंच डोंगर. अंतर कसं मोजायचं, तर शेजारी एखादा ओळखीचा खड्डा असतो त्याच्या रुंदीवरून अंदाज. माझी लेक नववीत आहे, तिने वहीत हे गणित केलं आणि आकडा आल्यावर म्हणाली, "आई, म्हणजे आपण घरात बसून चंद्रावरचा डोंगर मोजला?" हो गं बाई. (हे सूत्र पायथागोरसवरूनच निघतं, त्यामुळे पायथागोरस कुठे उपयोगी पडतो हा तिचा नेहमीचा प्रश्न तेव्हापासून बंद आहे.) गॅलिलिओची दुर्बीण साधारण २० पट दाखवायची आणि तिची काच आजच्या मानाने खूपच सुमार होती, तेव्हा आपल्या या स्वस्तातल्या नळीला नावं ठेवताना मला आता जरा लाज वाटते.

आयपीसबद्दल. सोबत आलेल्यांपैकी २० मिमी बरा, १२.५ मिमी चांगला, ४ मिमी आणि बार्लो सरळ ड्रॉवरमध्ये. चौथ्या महिन्यात मी १० मिमी आणि ६ मिमीचे प्लॉसल जातीचे आयपीस वेगळे घेतले, म्हणजे ७० पट आणि जवळजवळ ११७ पट. १० मिमीने सगळंच बदललं. ७० पटीत अख्खा चंद्र जेमतेम मावतो, कडेला थोडी काळी जागा उरते, आणि तपशील भरपूर दिसतात. मघाशी सांगितलेला थिओफिलस या पटीत केवढा दिसतो सांगू, नुसत्या डोळ्यांनी दिसणारे दोन पूर्ण चंद्र शेजारी ठेवले तर जेवढी रुंदी होईल तेवढा. माझं ८० टक्के बघणं याच एका आयपीसने होतं. ६ मिमी महिन्यातून एखाद्या शांत रात्री कामी येतो. त्याला डोळा अगदी चिकटवावा लागतो, पापण्यांचे केस काचेला लागतात, चष्मा असेल तर विसराच, आणि त्यातून येणारा उजेडाचा झोत एवढा बारीक असतो की स्वतःच्याच डोळ्यात तरंगणारे धागे आणि ठिपके चंद्रावर फिरताना दिसतात. पहिल्यांदा मी घाबरून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायला निघाले होते.

लेन्सचा दोष एकच, चंद्राच्या लख्ख कडेला बारीक जांभळी किनार दिसते. लेन्स वेगवेगळे रंग एकाच ठिकाणी फोकस करू शकत नाही, त्याचा हा परिणाम. ७०० मिमी लांबीमुळे तो कमी आहे. दोन-चार दिवसांत डोळ्याला सवय होते आणि मग दिसेनासं होतं.

डायगोनलचा मात्र मला खूप त्रास झाला. त्यातून चित्र वर-खाली सरळ दिसतं पण डावं-उजवं उलटं, आरशात बघितल्यासारखं. हे खोक्यावरही लिहिलेलं नाही आणि आतल्या कागदावरही नाही. मी तीन रात्री मारे क्रिसियम शोधत होते, तो कडेजवळचा लंबगोल काळा डाग जो सगळ्यात सोपा मानतात, आणि नकाशात उजवीकडे असलेली गोष्ट मला डावीकडे दिसत होती. स्वतःच्या अकलेवर शंका आली हो. शेवटी नवऱ्याने नकाशाचा स्क्रीनशॉट फोनमध्ये आडवा फ्लिप करून दिला आणि एका मिनिटात सगळं जुळलं. तेव्हा नकाशा फ्लिप करून ठेवा, किंवा व्हर्च्युअल मून ॲटलस नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे त्यात आरशातलं चित्र दाखवायची सोय आहे ती वापरा.

सासूबाईंचा किस्सा सांगायलाच हवा. त्यांना एकदा बोलावून बसवलं, फोकस करून दिला. बघताहेत, बघताहेत, एकदम हात वर करून मागे झाल्या. "अगं, गेला तो! मी काही हात लावला नाही हं." चंद्र कडेने सरकत आयपीसबाहेर निघून गेला होता. त्यांना वाटलं आपण काहीतरी मोडलं. म्हटलं आई, तो नाही हो गेला, आपण फिरलो. पृथ्वी फिरते त्यामुळे चंद्र स्वतःच्या रुंदीएवढा सरकायला साधारण दोन मिनिटं घेतो. त्यांनी परत डोळा लावला आणि पाच मिनिटं नुसतं ते सरकणंच बघत बसल्या, मी नळी हलवून चंद्र परत आत आणायचा आणि त्यांनी "निघाला गं निघाला" म्हणायचं. खड्ड्यांत त्यांना काडीचा रस नव्हता. दर दोन मिनिटांनी नळी हलवावी लागते हा या दुर्बिणीचा दोष म्हणून लिहायचं होतं, पण आता कसा लिहू.

कधी काय बघायचं याच्यासाठी तिथी हे आपल्या हाताशी असलेलं फार सोयीचं माप आहे, हे मला दुर्बीण घेईपर्यंत कळलंच नव्हतं. तिथी म्हणजे सूर्य आणि चंद्र यांच्यातलं १२ अंशांचं अंतर, त्यामुळे तिथीवरून टर्मिनेटर कुठे असेल ते थेट समजतं. एखादा दिवस इकडेतिकडे होतो, कारण चंद्र थोडा डोलतो, पण अंदाज चुकत नाही. शुद्ध तृतीयेला मारे क्रिसियमच्या आसपास, आणि तेव्हा काळ्या भागावर पृथ्वीकडून परतलेला निळसर उजेडही दिसतो, तो २० मिमीने बघा. षष्ठीला थिओफिलसची तिकडी. अष्टमीला बरोबर मधोमध टॉलेमियस, अल्फॉन्सस, अर्झाकेल असे तीन खड्डे एका खाली एक, आणि वरच्या बाजूला ॲपेनाइन पर्वतांची कमान, ६०० किलोमीटर लांब, तिच्या सावल्या खालच्या मैदानावर करवतीच्या दातांसारख्या पडलेल्या.

नवमी ही माझी सगळ्यात आवडती. एक तर त्या रात्री रुपेस रेक्टा दिसते, सरळ भिंत, सपाट मैदानात कुणीतरी पट्टी ठेवून काळ्या पेनाने रेघ मारावी तशी ११० किलोमीटर लांब. गंमत म्हणजे ती उंचीला जेमतेम २५०-३०० मीटर आहे आणि प्रत्यक्षात उभी भिंतही नाही, नुसता उतार आहे. ७० मिमीच्या दुर्बिणीला चंद्रावरचं साधारण तीन किलोमीटरचं काहीतरी असेल तरच वेगळं दिसतं असा नियम आहे, मग ३०० मीटर कसं दिसलं? तर आपण भिंत बघतच नसतो, तिची सावली बघतो, आणि आडव्या उन्हात ती काही किलोमीटर रुंद होते. वद्य पक्षात सूर्य दुसऱ्या बाजूने आला की तीच रेघ पांढरी चमकते, पण त्यासाठी पहाटे उठावं लागतं, मी एकदाच उठले.

दुसरं म्हणजे क्लेवियस. दक्षिणेकडे २३० किलोमीटरच्या आसपास रुंद असा अवाढव्य खड्डा आणि त्याच्या आत लहान लहान खड्डे कमानीत मांडलेले, मोठ्याकडून छोट्याकडे, सुरुवातीचे २८ आणि २१ किलोमीटरचे, शेवटचे १२-१३ चे. मी याचा वापर दुर्बिणीची आणि हवेची परीक्षा घ्यायला करते. किती मोजता आले? वाईट रात्री दोन, बऱ्या रात्री चार, एकदा एका सुंदर थंड रात्री त्याच्याही पुढचा एक बारका दिसल्यासारखा वाटला, पण शपथेवर सांगणार नाही. उलट प्लेटो नावाच्या गुळगुळीत खड्ड्याच्या तळावर दोन-अडीच किलोमीटरचे बारके खड्डे आहेत, ते मला अकरा महिन्यांत एकदाही दिसले नाहीत. ती या दुर्बिणीची हद्द.

दशमीच्या सुमारास कोपर्निकस. ९३ किलोमीटर रुंद, आतल्या भिंतींना पायऱ्या पायऱ्या, मधे टेकड्या. हा बघून सगळे म्हणतात बापरे केवढी खोल विहीर. खोली ३.८ किलोमीटर. म्हणजे २४ सेंटीमीटर रुंद ताट असेल तर त्याची कड एक सेंटीमीटर. चंद्रावरचे मोठे खड्डे म्हणजे ताटं आहेत, सावली त्यांना विहीर करते. दोन दिवसांनी ऊन वर चढलं की तोच कोपर्निकस सपाट होऊन जातो, मग तुम्ही कुणाला बोलावून दाखवाल तर तो म्हणेल यात काय एवढं.

झेंडा दिसतो का? हा प्रश्न प्रत्येक पाहुणा विचारतो. नाही दिसत. १९६९ साली अपोलो ११ जिथे उतरलं ती जागा शांततेच्या सागरात, ते मैदान छान दिसतं, पण तिथे राहिलेलं यान पाय धरून नऊ-दहा मीटरचं आहे. आपली मर्यादा तीन किलोमीटर. हबल दुर्बिणीलाही चंद्रावर ९० मीटरच्या आसपास मोठं काही असेल तरच वेगळं दिसतं. त्यामुळे न दिसणं हा काही पुरावा नाही, हे मी आता पाहुण्यांना चहाआधीच सांगून टाकते. चांद्रयान ३ उतरलं ती जागा पण विचारतात, ती दक्षिणेकडे ६९ अंशांवर, म्हणजे कडेजवळ, तिथले खड्डे आपल्याला तिरके बघितल्यामुळे चपटे लंबगोल दिसतात. साधारण कुठे ते बोट दाखवता येतं, बस.

एक गंभीर गोष्ट. माझ्या खोक्यात आयपीसला खाली फिरवून बसवायचा एक छोटा काळा फिल्टर होता, सूर्य बघण्यासाठी. तो मी त्याच दिवशी हातोडीने फोडून टाकला आणि तुमच्याकडे आला तर तुम्हीही फोडा. लेन्सने गोळा केलेली सगळी उष्णता त्या एवढ्याशा काचेवर येते, ती तडकली की पुढच्या क्षणी डोळा गेला. पोरं हाताळणार असतील अशा वस्तूत असलं काही घालतात याचा मला अजून राग आहे, आणि एक स्टार मी त्यासाठीच कापतेय. चंद्रासाठीचा हिरवट फिल्टर वेगळा, तो निरुपद्रवी आहे, आणि तसा गरजेचाही नाही. चंद्राच्या उजेडाने डोळ्याला इजा होत नाही, फक्त दिपतात. बघताना घरातला एखादा दिवा चालू ठेवला तरी काम भागतं.

फोनने फोटो निघतात. फोन धरणारा क्लॅम्प वेगळा घ्यावा लागतो, आणि तो या काडीपायांवर बसवला की नळी मागे झुकते, मग पुढे काहीतरी वजन बांधा, मी रबरबँडने जुनी बॅटरी बांधली होती. एक्स्पोजर कमी करून लॉक करा नाहीतर पांढरा गोळा येतो. आणि फोटो काढायला बटण दाबू नका, टायमर लावा. छान येतात, पण खरं सांगू का, जास्तीत जास्त दोन महिने काढले, मग कंटाळा आला.

छोट्या गोष्टी पटकन. वापरायच्या आधी अर्धा तास दुर्बीण बाहेर ठेवा, आतली हवा बाहेरच्या हवेएवढी गार होऊ दे, नाहीतर चित्र उकळत्या पाण्यातून बघितल्यासारखं दिसतं. खिडकीच्या काचेतून बघू नका. दिवसभर तापलेल्या स्लॅबवरूनही तेच उकळणं दिसतं, मातीवर किंवा गवतावर बरं. चंद्र अगदी खाली असताना नाद करू नका, वर येऊ द्या. दव पडलं तर लेन्स पुसू नका, झाकण लावून आत आणा आणि आपोआप सुकू द्या.

घ्यावी का? नुसता चंद्र बघायचा असेल आणि थोडी चिडचिड सहन करायची तयारी असेल तर घ्या. पट वाचून घेणार असाल तर नका घेऊ. जागा असेल आणि वजन चालत असेल तर ११४ किंवा १३० मिमीची आरसेवाली, टेबलावर ठेवायची मिळते ती जास्त बरी, तिला पायच नसतात म्हणजे निम्मं भांडण मिटलं, फक्त टेबल भक्कम हवं. मला अंगणातल्या फरशीवर दोन मिनिटांत उचलून नेऊन ठेवता येते म्हणून मी हिच्यावर खूश आहे. लेन्सला साडेचार, पायांना एक, खोक्यावरच्या मजकुराला शून्य, आणि सगळं मिळून साडेतीन स्टार.

एक्स मात्र अजून राहिलाय. अष्टमीच्या आसपास पर्बाक, ला कै आणि ब्लँकिनस या खड्ड्यांच्या कडा मिळून अंधारात इंग्रजी एक्स अक्षर उजळतं, महिन्यातून एकदाच आणि तेही चारेक तास, आणि ते चार तास आपल्याकडे रात्र असताना आणि चंद्र वर असतानाच यावे लागतात. तीनदा वेळ जुळून आली होती. दोनदा ढग आले आणि एकदा मी सोफ्यावर झोपले.